बैलाच्या सालातली वाघीण

शिगेनोला वाघीण केलं ते सरकारी दप्तराने. जन्माने ती बैल होती, आणि ही गोष्ट तिने पहिल्या दिवसापासून, घसा बसेपर्यंत, सगळ्या गल्लीला सांगितली होती. पण ऐकतो कोण? आमच्या कुरे शहरात त्या दिवसांत बाईमाणसाच्या तोंडच्या शब्दाला किंमत नव्हती, शिक्का मारलेल्या कागदाला होती.

भानगड अशी, की आमच्याकडे दर साल एकेका प्राण्याचं, बैलामागून वाघाचं; शिगेनोचं माहेर समोरच्या कुराहाशी बेटावर, आणि बेटावरची माणसं वर्ष बदलायची ती जुन्या पंचांगाने. शिगेनो जन्मली मेइजी बादशहाच्या पस्तिसाव्या सालच्या जानेवारीत, सतरा तारखेला. सरकारच्या लेखी वाघाचं साल सुरू होऊन अडीच आठवडे उलटले होते. तिच्या आईच्या लेखी बैलाचं साल संपायला अजून तीन आठवडे होते, नव्या वर्षाच्या मोची-लाडवांचे तांदूळसुद्धा भिजत घातले नव्हते. आई तिला जन्मभर 'माझा बैल' म्हणत आली, कामाला वाघ होती तरीही. दप्तरातल्या कारकुनाने मात्र वाघ लिहून टाकला. त्यात तिचा एकच फायदा झाला, कागदावर ती एका वर्षाने लहान ठरली, कारण आमच्याकडे वय मोजतात ते सालांवर.

चीनवरची लढाई सुरू होईपर्यंत या गोष्टीने कुणाचं काही अडलं नव्हतं. मग पट्ट्यांचं वेड आलं. लढाईवर जाणाऱ्याच्या पोटाला बांधायचा पांढरा पट्टा, त्यावर लाल दोऱ्याचे हजार टाके, हजार बायकांचे, एकीचा एक. वाघाच्या सालातली बाई असली तर मात्र तिने आपल्या वयाइतके टाके घालायचे, कारण वाघ कितीही लांब गेला तरी परत येतो असा सगळ्यांचा विश्वास. साहजिकच वाघाच्या बायका शोधून काढण्याची मोहीम निघाली. आमच्या शेजारमंडळाचे प्रमुख मोरिकावा हातात यादी घेऊन शिगेनोच्या दारात हजर झाले.

"शिगेनोबाई, अभिनंदन. तुम्ही वाघ आहात."

"मी बैल आहे."

"मेइजी पस्तीस म्हणजे वाघ. दप्तरात तसं लिहिलंय."

"दप्तर काय माझ्या आईच्या बाळंतपणाला आलं होतं?"

"देश लढाईत असताना काम टाळायला असलं काही बोलू नये," मोरिकावा म्हणाले, आणि त्यांनी तिच्या नावापुढे खूण केली.

दुसऱ्या दिवसापासून दारात रांग. बायका भल्या सकाळी डोंगरउतारावरच्या आमच्या गल्लीच्या एकशे बारा पायऱ्या चढून यायच्या, पट्टा पुढे करायच्या आणि वाकून उभ्या राहायच्या. वाकलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? पहिल्या वर्षी छत्तीस टाके, मग सदतीस, मग अडतीस. वय वाढेल तसं काम वाढत जाणारा असला धंदा जगात दुसरा नसेल. शिगेनोची बोटं सुयांनी चाळण झाली, भात करपायला लागला, तिच्या नाकी नऊ आले. प्रत्येक बाईला ती आधी बजावायची, "मी बैल आहे हं, मागाहून बोलू नका." बाई हसायची. विनय समजायची. मग शिगेनो चरफडत सुई उचलायची.

नवरा न्यूमोनियाने गेल्यावर तिच्या घराला आधार होता तो वरच्या खोलीचा. ती खोली 'हात्सुगिरी'च्या खलाशांनी घेतलेली होती. आमच्याकडे ही जुनी रीत. जहाजावरच्या चारपाच दोस्तांनी मिळून गावात एखादी खोली धरायची, म्हणजे किनाऱ्यावर सुट्टी मिळाली की कपडे बदलायला, लोळायला, घरचं जेवायला हक्काची जागा होते. हात्सुगिरी ही विनाशिका, आणि शिगेनोचा एकुलता एक मुलगा सादाइची तिच्या बॉयलरखान्यात कामाला. त्यानेच दोस्तांना आणलं. त्यांतला वयाने थोर, तोफेवरचा कामेदा. आणि शेजारच्या तोफूवाल्या ओत्सुनाचा थोरला, निशाणं हलवणारा कानामे. ओत्सुनाचं घर भिंतीला भिंत लागून, तरी हा कानामे वरच्या खोलीतच पडलेला असायचा, कारण घरी आई तोफूसाठी सोयाबीन दळायला लावायची.

जहाजाविषयी मात्र बोलायचं नाही. कुरेत हरेक घरचा माणूस एकतर जहाजावर नाहीतर जहाज बांधण्यावर, आणि सरकारची इच्छा अशी की जहाजं कुणाला दिसू नयेत. आगगाडीत समुद्राकडचे पडदे ओढून घ्यायचे. शिगेनोच्या बंदराकडच्या खिडकीवर फळ्या ठोकल्या होत्या. त्या फळ्यांच्या फटीतून ती रोज सकाळी हात्सुगिरीचं धुराडं आहे का बघायची, आणि गल्लीतली प्रत्येक बाई आपापल्या फटीतून तेच करायची.

पुढे अमेरिकेशीही लढाई जुंपली; तिचं पहिलं वर्ष जहाजाने फौजेच्या गलबतांना सोबत करण्यात घालवलं. पोरं उन्हाने रापून, साखरेच्या पुड्या घेऊन परत आली. दुसऱ्या वर्षी ती आली तेव्हा जहाजाचं नाक चेपलेलं होतं आणि पोरं गप्प होती. दुरुस्तीला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत एकदा जेवताना कामेदा दबक्या आवाजात बोलला.

"काकू, मी तोफ चालवायला शिकलो. आता काय वाहतो माहीत आहे? तांदळाची पिंपं. दक्षिणेला एका बेटावर आपली फौज उपाशी बसलीय. अंधार पडला की जायचं, पिंपं पाण्यात लोटायची, उजाडायच्या आत पळायचं. उंदरांचं काम."

"उंदीर तर उंदीर," शिगेनो म्हणाली. "उंदीर जगतात. आणखी सार घे."

जहाज गोदीतून निघायची वेळ आली तसे पट्टे आले. त्या वर्षी शिगेनो बेचाळिसाची. कामेदाच्या पट्ट्यावर बेचाळीस, कानामेच्या पट्ट्यावर बेचाळीस. कानामेचा पट्टा घेऊन ओत्सुना स्वतः आली होती, वर तोफूची ताजी वडी, आणि टाके संपेपर्यंत समोर बसून मोजत होती. एक टाका तिने उसवायला लावला, सैल आहे म्हणून.

मग सादाइचीने आपला पट्टा पुढे केला. शिगेनोने एक टाका घातला आणि दोरा तोडला.

"हे काय?" तो म्हणाला. "कामेदाला बेचाळीस, कानामेला बेचाळीस, आणि पोटच्या पोराला एक?"

"त्यांना मी खोटं दिलंय. त्या मोरिकावाने माझ्या बोडक्यावर मारलं म्हणून दिलं. तुझ्या पोटाला मी खोटं बांधायची नाही."

"अगं आई, द्यायचे ना. माझ्या पोटाला काय कळतंय?"

"मला कळतंय."

"बैल ती बैलच," सादाइची हसत म्हणाला, आणि वर जाऊन त्याने दोस्तांना ती गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. खाली तिला हसणं ऐकू येत होतं.

बाकीचे नऊशे नव्व्याण्णव टाके गोळा करायला शिगेनो स्टेशनाजवळच्या पुलावर नऊ दिवस उभी राहिली. वारा, गर्दी, पोलिसांची हाडतूड. प्रत्येक बाईला विचारायची, वाघ का? वाघ निघाली तर म्हणायची, "नको, एकच घाला." कारण ही बाई तरी कुठल्या पंचांगाची वाघ, कुणाला ठाऊक! एका वाघ बाईला तर राग आला. पण शिगेनोला एकूण एक टाका खरा हवा होता, आणि तिने तो मिळवला. एप्रिलमध्ये जहाज गेलं.

पत्रं ऑक्टोबरपर्यंत येत होती. नोव्हेंबरात नाही, डिसेंबरात नाही. नव्या वर्षात शिगेनो नौदलाच्या कचेरीत गेली. खिडकीमागच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "असल्या नावाच्या जहाजाबद्दल काही सांगता येणार नाही."

"जहाजाबद्दल नका सांगू. पोराला मोजे पाठवायचेत, ते पाठवू का नको?"

"पाठवत राहा."

"मिळतील का?"

"बाई, पाठवत राहा."

तिने मोजे पाठवले. मग वाळवलेली मासळी पाठवली, मग पत्र, मग आणखी एक पत्र. सगळं घेतलं जात होतं, शिक्का बसत होता, आणि पुढे काय होत होतं देव जाणे. ओत्सुनाही तिथेच रांगेत असायची, कानामेचं पुडकं घेऊन. दोघी एकमेकींकडे बघायच्या नाहीत. बघितलं असतं तर बोलावं लागलं असतं.

फेब्रुवारीत शिगेनोची मावशी सावायो बेटावरून सुकी मासळी विकायला आली आणि ओत्सुनाच्या दुकानात टेकली. म्हातारीला गप्पा आवडतात. बोलता बोलता म्हणाली, आमच्या शिगेनोचा जन्म बैलाच्या सालातला, मीच नाळ कापली, मोचीला तीन आठवडे होते. झालं! सात वर्षं शिगेनो बोंबलत होती ते कुणाच्या कानात शिरलं नाही, आणि म्हातारीचं एक वाक्य पायऱ्या उतरून बाजारापर्यंत पोचलं.

दुसऱ्या दिवशी तोफूच्या रांगेत ओत्सुनाने वडी कापायची सुरी खाली ठेवली.

"ही वाघीण नाही! बैल आहे बैल! माझ्या कानामेच्या पट्ट्यावर बेचाळीस टाके घातलेत हिने, बेचाळीस! हजारातले बेचाळीस वाया!"

"अगं बये, मी पहिल्यापासून काय सांगतेय?"

"तेव्हा तू काम टाळायला बोलत होतीस!"

"तूच समोर बसून मोजलेस ना टाके? तुला नाही सांगितलं मी?"

"सांगितलंस, पण हसत सांगितलंस!"

"मी? हसत?" शिगेनोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सात वर्षांत मी या गल्लीत एकदा तरी हसलेय?"

रांगेतल्या बायकांनी माना डोलावल्या, कारण ते खरं होतं. तेवढ्यात मोरिकावा आले. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि गंभीर चेहऱ्याने निकाल दिला, "शिगेनोबाईंनी वेळीच स्पष्ट सांगायला हवं होतं."

शिगेनोने कपाळाला हात लावला. तोफू न घेताच ती घरी आली.

त्या दिवसापासून तिच्या दारात कुणी आलं नाही. सात वर्षं जिचा तिला वीट आला होता ती रांग गेली. बोटं भरून आली, भात करपेनासा झाला. आणि आता शांतपणे भात धुताना तिच्या मनात एक किडा शिरला. तिचा या टाक्यांवर काडीचाही विश्वास नव्हता. दोऱ्याने का कुठे जहाज तरंगतं? पण विश्वास नसताना तिने परक्या पोरांना बेचाळीस दिले होते, आणि आपल्याला एक. ज्यांत काहीच नाही असे टाके द्यायला तिचं काय जात होतं? खरेपणाचा एवढा तोरा कशासाठी? ती भांडी आदळायची, स्वतःला शिव्या घालायची, आणि शिव्या दिल्याने एकही टाका वाढत नव्हता.

एप्रिलात, भर दुपारी, कामेदा आला.

बारीक झाला होता. कानाच्या मागे भाजल्याची गुलाबी कातडी. दारात उभा राहून त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "काकू, मी सही करून दिलीय. काही बोलायची बंदी आहे. मला विचारू नका."

"मी विचारलं काही?" शिगेनो म्हणाली. "आत ये. जेव आधी."

जवाचा भात होता, मुळ्याचं लोणचं होतं. तो जेवत असताना ती समोर बसून राहिली. विचारायचं नव्हतं, पण बघायला बंदी नव्हती. कामेदाने मान वर केली नाही. जेवण झाल्यावर तो वरच्या खोलीत गेला, आणि थोड्या वेळाने एक गाठोडं घेऊन उतरला. त्यात त्याचे एकट्याचेच कपडे होते. बाकीच्यांची खुंट्यांवरची वस्त्रं त्याने तशीच ठेवली होती.

"काकू," तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबून म्हणाला, "खोली आता दुसऱ्या कुणाला द्या."

शिगेनोला सगळं कळलं. तिने बाह्या बांधायची दोरी सोडली, पुन्हा बांधली.

"तू कुठे होतास?"

"मी वर होतो. तोफेपाशी." मग गाठोडं दुसऱ्या हातात घेत, "बॉयलरखाना खाली असतो, काकू."

"माहीत आहे मला कुठे असतो. माझा पोरगा आहे तिथे."

कामेदाने सदरा वर केला. पट्टा पोटाला होता, मळून चहाच्या रंगाचा झालेला, एका कडेने जळलेला. शिगेनोचे टाके त्याने बोटाने दाखवले. "यांनी आणलं मला."

आणि मग तिचा बांध फुटला, पण रडण्याने नाही.

"मी बैल आहे, गाढवा! बैल! किती वेळा सांगू? खरं दिलं तो बुडाला. खोटं दिलं तो शेजारचा पोरगाही बुडाला. आणि खोटंच दिलेला तू माझ्यासमोर बसून मुळा खातोस! याचा काही अर्थ लागतो का? लाव ना अर्थ! मोरिकावाला बोलाव, तो लावेल!"

"आम्हाला ठाऊक होतं काकू, तुम्ही बैल आहात ते," कामेदा म्हणाला. "सादाइचीने सगळ्या जहाजाला सांगितलं होतं. पट्टा दाखवून सांगायचा, 'तुमच्या अंगावर माझ्या आईचं खोटं आहे. मला एकट्याला तिने खरं दिलं.' छाती फुगवून सांगायचा."

शिगेनो खाली बसली.

"खोटं द्यायला हवं होतं," ती म्हणाली. "मला त्याला खोटं द्यायला हवं होतं रे."

कामेदा वाकून नमस्कार करून गेला. पायऱ्यांवर त्याला ओत्सुना भेटली असणार, कारण त्याला गाठोडं घेऊन जाताना सगळ्या गल्लीने पाहिलं होतं, आणि एकट्याचं गाठोडं म्हणजे काय हे कुरेत कुणाला सांगावं लागत नाही. तोफूचं दुकान तीन दिवस बंद राहिलं. शिगेनो दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरली, कारण तिथे जाऊन म्हणायचं काय?

चौथ्या दिवशी ओत्सुनाच तिच्या दारात उभी राहिली. हातात पांढरी पट्टी, लाल दोरा. तिचा धाकटा मुलगा मित्सुरु, अठराचा, त्याला लढाईवरचं बोलावणं आलं होतं. ओत्सुना वाकली नाही. डोळे सुजलेले, ओठ घट्ट मिटलेले. ज्या बाईला चारचौघांत बैल ठरवलं तिच्याकडे टाके मागायला कुठल्या तोंडाने यायचं, हे तिलाही कळत नसावं.

शिगेनोने तिच्याकडे पाहिलं आणि तिला इतका संताप आला, की तिने पट्टी हिसकावूनच घेतली.

"दप्तरात काय लिहिलंय?"

"वाघ," ओत्सुना पुटपुटली.

"मग वाघ. आता यापुढे कुणी मला बैल म्हटलं तर जीभ हासडीन. बस तिथे. आणि मोजू नकोस, मला मोजता येतं."

ओत्सुना उंबऱ्याशी बसली. शिगेनोने दोरा ओवला आणि टाके घालायला लागली, घट्ट, एकाला एक लागून. मध्येच ती भात घट्ट झाल्याबद्दल, सुई बोथट असल्याबद्दल, मोरिकावाच्या सात पिढ्यांबद्दल बोलत होती. तिचं वय आता त्रेचाळीस. त्रेचाळिसावा टाका पडला तरी तिचा हात थांबला नाही. ओत्सुना पुढे वाकून बघायला लागली.

"शिगेनो, अगं, त्रेचाळीस झाले."

"माहीत आहे."

"मग आणखी कसले?"

"हे पुढचे एक्केचाळीस सादाइचीचे राहिलेत," शिगेनो म्हणाली. "तुझ्या पोराला वाहू देत."

ओत्सुना रडायला लागली. शिगेनो तिच्यावर ओरडली, पट्टी भिजवू नकोस, दोऱ्याचा रंग उतरेल, आणि पुढचा टाका घातला.